रंगपेटी : दुकान बंद, हात चालू
(वाचकांचे प्रश्न, बडोदा)

२५ मार्च २०२० ला करोनामुळे टाळेबंदी लागली आणि या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांची तऱ्हा बदलली. एरवी ‘कुठला ब्रश घेऊ’ असं विचारणारे वाचक एप्रिल-मे महिन्यांत ‘आहे तो ब्रश झडला, आता काय’ असं विचारू लागले. या वेळचे सगळे प्रश्न बडोद्याचे आहेत. घरगुती उपाय सांगताना आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या: केलेलं काम टिकेल का, आणि बंद घरात ते करताना कुणाला अपाय होईल का. जिथे टिकणार नाही तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

प्रश्न : माझे जलरंग संपत आले आहेत. हळद, कुंकू, गेरू वापरून घरी रंग करता येतात असं बऱ्याच ठिकाणी वाचते. मी हळदीने रंगवलेलं चित्र खिडकीजवळ लावलं होतं, ते फिकट पडलं. माझं काय चुकलं?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, हळदच तशी. तिचा पिवळा रंग उन्हात फार लवकर उडतो; बडोद्याच्या मे महिन्यात तर काही दिवसांतच. शिवाय चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते. कुंकवाचीही तीच गत. हळदीवर केलेलं असो की बाजारी डायचं (विरघळणाऱ्या रंगाचं), भरवशाचं नाही. बिटाचा रस, जास्वंद, पालक यांचा तर विचारही करू नका. मुलांच्या खेळाला ते ठीक.

टिकतात ते खनिज रंग आणि काजळी. गेरू उत्तम. पिवळी माती मिळाली तर तीही उत्तम. कपड्यांना घालायची पावडर नीळ बहुधा अल्ट्रामरीन (खनिज निळा रंग) असते आणि ती उन्हाला टिकते. बाटलीतली पातळ नीळ मात्र डाय असते, ती नको. पावडर कसली आहे ते ओळखायला चिमूटभर घेऊन तीवर लिंबाच्या फुलांचं (सायट्रिक ॲसिडचं) घट्ट पाणी टाका. निळा रंग मरून करडा झाला आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर ते अल्ट्रामरीन. पांढऱ्यासाठी खडूची पूड कामाची नाही, डिंकात ती फारशी झाकत नाही. औषधाचं दुकान उघडं आहे, तिथे झिंक ऑक्साइडची पावडर मागा. चित्रकार ज्याला चायनीज व्हाइट म्हणतात ते हेच.

देवघरातला शेंदूर दळायला घेऊ नका, त्यात शिसं असू शकतं. हरताळात आर्सेनिक आणि हिंगुळात पारा असतो, म्हणून जुन्या पेटीत सापडले तरी तेही नकोत. कुठलीही पूड हाताळताना पंखा बंद करा आणि नाकाला मास्क लावा, तो आता घरात आहेच.

आता कृती. गेरूचा खडा फोडून पाण्यात कालवा, ढवळा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी राहिलेली रेती फेकून द्या. ओतलेलं पाणी रात्रभर ठेवलं की बारीक रंग खाली बसतो. वरचं पाणी काढून तो सावलीत वाळवा. ही पायरी टाळली तर रंग कागदावर खरखरीत बसतो आणि ब्रश खातो.

रंगाची पूड बांधून धरायला बाभळीचा डिंक. किराणा दुकानात ‘गुंदर’ म्हणून जे मिळतं त्यात दोन-तीन जाती असतात, त्यामुळे आधी एक खडा पाण्यात टाकून पाहा. विरघळून पातळ पाक झाला तर चालेल. फुगून जेलीसारखा झाला तर तो कतीरा किंवा कडयाचा; त्याचं सरबत करा, रंग नको. २० ग्रॅम डिंक कुटून ४० मिलिलिटर गरम पाण्यात रात्रभर ठेवा आणि मलमलीतून गाळा. त्यात छोटा चमचाभर मध आणि दाताला लावायच्या लवंगतेलाचा एक थेंब घाला. मधामुळे रंगाची वडी ठिसूळ होत नाही, लवंगतेलामुळे बुरशी उशिरा धरते. घरात मुंग्यांचा त्रास असेल तर मधाऐवजी ग्लिसरीन, पण अगदी बेताने. जास्त झालं तर पावसाळ्यात वडी वाळतच नाही.

काचेच्या तुकड्यावर रंगाची पूड आणि तितकंच डिंकपाणी घेऊन सपाट बुडाच्या बाटलीने घोटा. घोटण्याची घाई करू नका. दहा मिनिटांनी पोत बदललेला बोटाला कळतो. काच, बाटली, गाळणं स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. मग कागदावर एक फटकारा मारा, वाळू द्या आणि बोट घासा. बोटाला पूड लागली तर डिंक कमी. फटकारा चकाकला आणि त्याला चिरा पडल्या तर डिंक जास्त. प्रत्येक रंगाचं प्रमाण वेगळं पडतं, म्हणून वहीत लिहून ठेवा. काजळी पाण्यावर तरंगते, भिजतच नाही. आधी थेंबभर सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवली की निमूट भिजते. काजळी घरी धरायची तर दिव्यावर स्टीलची ताटली उपडी धरावी. डबीतलं काजळ तुपाचं असतं, ते डिंकात मिसळणार नाही.

भरायला बाटल्यांची झाकणं. एवढ्या डिंकपाण्यात आठ-दहा भरतात. एकदम काठोकाठ भरलं तर ४२ अंशांच्या कोरड्या हवेत वरची साय आधी वाळते, आतला भाग आक्रसतो आणि वडी तडकते. थरावर थर द्या, मध्ये एक दिवस जाऊ द्या आणि वर ताटली झाका.

शेवटी एक पट्टी करून ठेवा: प्रत्येक रंगाचा फटकारा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकलेला, ऊन येणाऱ्या खिडकीत १५ दिवस. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही भाग सारखे दिसले तर तो रंग ठेवा.

प्रश्न : मी फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग (छापचित्रण) शिकतो. विभाग बंद, प्रेस नाही, लिनो (कोरायचं लिनोलियम) नाही, हत्यारं लॉकरमध्ये अडकली आहेत. शेवटच्या वर्षाचं काम अर्धवट आहे. घरी काय करता येईल?
– एक विद्यार्थी, कारेलीबाग

उत्तर : एचिंग आणि ड्रायपॉइंट (पत्र्यावरच्या खोल रेघांचे छाप) तूर्त विसरा. ओल्या कागदाला रेघेच्या खोबणीत दाबून शाई उचलायला प्रेसचाच दाब लागतो. चमच्याने घासून जे येतं ते पुसट असतं आणि उगाच वेळ जातो. रिलीफ (ठशाच्या उठावाच्या भागावर शाई लावून काढलेला छाप) मात्र प्रेसशिवाय उत्तम निघतं. लाकडी ठसे शतकानुशतकं हाताच्या दाबानेच छापले गेले.

ठशाला घरातलं काय चालेल? जमिनीवर अंथरायच्या व्हिनाइलचा उरलेला तुकडा सर्वांत बरा. पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि हत्यार घसरत नाही. जुन्या हवाई चपलेचा तळ छोट्या, जाड आकारांसाठी चांगला, बारीक रेघ मात्र त्यात फाटते. प्लायवुडवर कोरायचं असेल तर वरचा पापुद्रा तंतूंच्या आडवा कापताना उचकटतो. त्यासाठी आधी पेपरकटरने आकाराच्या कडेने उभा काप द्या आणि मग बाहेरून आत कोरा. पुठ्ठ्यावर दोरा, कापड, पान चिकटवून कोलाग्राफही करता येईल. त्याला वरून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात द्या, नाहीतर पुठ्ठा शाई पितो.

हत्यार मोडक्या छत्रीत आहे. छत्रीच्या काडीचा छेद पन्हाळीसारखा असतो. बोटभर लांबीचा तुकडा कापा, टोक कानशीने तिरकं करा, धार लावायच्या दगडावर बाहेरून घासा आणि जुन्या ब्रशच्या दांड्यात पक्का बसवा. यू-गूजचं (गोल पन्हाळीच्या कोरणीचं) काम तो बऱ्यापैकी करतो. पोलाद नरम असतं, त्यामुळे दर अर्ध्या तासाने धार लावावी लागेल. कोरताना दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवा. दवाखान्यात टाके घालायला जायचे हे दिवस नाहीत.

रोलर नसेल तर प्लास्टिकच्या पाइपवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवा. ट्यूबवर साच्याची उभी शिवण असते, तिचा पट्टा छापात दिसतो. ती जिथे कमीत कमी आहे तो भाग निवडा किंवा बारीक पॉलिश पेपरने उतरवा. तेही नको असेल तर कापसाचा गोळा जुन्या सुती मोज्यात बांधून बोंडी करा आणि शाई थोपटत लावा, पुसत नव्हे.

शाईचा प्रश्न खरा अवघड आहे. ॲक्रिलिक आणि पोस्टर रंग या उन्हाळ्यात ठशावरच वाळतात आणि कागद चिकटून फाटतो. त्यापेक्षा तैलरंगाची काळी ट्यूब घ्या. तिच्यात छपाईला लागतं त्याहून तेल जास्त असतं, म्हणून रंग वर्तमानपत्रावर पसरून तास-दोन तास ठेवा. कागद तेल ओढून घेतो. मग सुरीने उचलून त्यात थोडी बारीक खडूची पूड मळा. सुरी वर उचलल्यावर रंगाची छोटी शेंडी उभी राहिली की शाई तयार. जवसाचं तेल उकळवून शाईचं वार्निश करायच्या कृती कुठेकुठे सांगतात. तसलं काही फ्लॅटच्या स्वयंपाकघरात करू नका, भडका उडतो.

कागद पातळ हवा. उत्तरायणाचे उरलेले पतंग माळ्यावर असतीलच. पतंगाचा कागद चमच्याच्या छपाईला छान आहे, चाचणी-छाप त्यावरच काढा. तो टिकाऊ नाही आणि रंगीत असेल तर पाण्याने सुटतो, त्यामुळे अंतिम छापांसाठी पातळ हातकागद जपून ठेवा. छापताना ठसा आणि कागद जुळवायला पुठ्ठ्याची काटकोनी पट्टी चिकटवा. कागद ठशावर टाका, वर बटर पेपर ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जा. एक कोपरा तसाच दाबून धरून दुसरा उचलून पाहता येतं. काळ्या भागात मीठ सांडल्यासारखे ठिपके दिसले तर शाई किंवा दाब कमी. बारीक रेघा बुजल्या तर शाई जास्त. शाई कमी पडली असेल तर दुसऱ्या वेळी वाढवा, पण एकदम नको. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच बरे.

छाप दोरीवर चिमट्याने लावा, आठवडाभर तरी हात लावू नका. क्रमांक पेन्सिलीनेच घाला: डावीकडे १/१० (दहांपैकी पहिला छाप), उजवीकडे सही. हाताच्या दाबाने काढलेले छाप एकमेकांहून थोडे वेगळे येणारच. म्हणून परीक्षकांपुढे मांडताना ‘चमच्याने छापलेलं’ असं लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, उलट विचारायला त्यांना एक चांगला प्रश्न मिळतो.

आणि एक: अक्षरं उलटी कोरायची हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. घाईत हे सगळ्यांचं होतं.

प्रश्न : सॅनिटायझर हाताला लावून चित्र काढायला बसले तर बॉलपेनची रेघ फिसकटली. सॅनिटायझरने अजून काय काय बिघडतं?
– एक वाचक, नागरवाडा

उत्तर : बॉलपेन, बरेचसे मार्कर आणि वाळलेलं ॲक्रिलिकसुद्धा अल्कोहोलने सुटतं. म्हणून काम करताना साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर बाजूला असू द्या. जेलमधला चिकटपणा कागदावर बसला की त्या जागी जलरंग नीट चढत नाही. उपयोगही आहेत: कडक झालेला ॲक्रिलिकचा ब्रश पातळ सॅनिटायझरमध्ये अर्धा तास बुडवून साबणाने धुतला तर बऱ्याच वेळा वाचतो. बॉलपेनच्या रेघांवर त्याचाच ओला ब्रश फिरवला तर निळी-जांभळी छटा पसरते. छान दिसते, पण उन्हाला टिकत नाही. गॅसपासून लांब.

प्रश्न : टर्पेंटाइन संपलं आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण, त्यामुळे वास नसलेला पर्याय हवा. सिंगतेलात (शेंगदाण्याच्या तेलात) तैलरंग पातळ केले तर?
– एक चित्रकार, मांजलपूर

उत्तर : सिंगतेल नको. शेंगदाणा, तीळ, मोहरी, खोबरं, यांपैकी कुठल्याच तेलाची कडक कातडी धरत नाही. चित्र महिनोन्महिने ओलसर राहतं आणि त्यावर धूळ बसते. तैलरंग ‘वाळतो’ म्हणजे पाणी उडतं तसा उडत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि ते जवस, अक्रोड अशा मोजक्या तेलांनाच साधतं. किराण्यातलं कच्च्या घाणीचं जवसाचं तेल अडचणीला चालेल. ते चित्रकारांसाठी शुद्ध केलेल्या तेलापेक्षा हळू वाळतं आणि पिवळं पडतं, त्यामुळे निळ्या-पांढऱ्या भागांत टाळा. रॉकेलचं नावही काढू नका.

बरा मार्ग असा, की पहिला थर पातळ करायचाच नाही. ट्यूबमधला रंग कडक ब्रशने किंवा चिंधीने कॅनव्हासवर घासून लावा, इतका पातळ की कापडाची वीण दिसावी. तेल वरच्या थरांतच घाला, तेही ट्यूबच्या रंगाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. ॲक्रिलिक शिल्लक असेल तर खालचं काम त्यात करून वर तैलरंग चढवा. उलटं कधीच नाही.

सिंगतेल एका कामाला मात्र उपयोगी पडेल: ब्रश धुवायला. आधी चिंधीने रंग पुसा, तेलात घोळवून पुन्हा पुसा, मग भांड्यांच्या साबणाने तळहातावर फेस रंगहीन होईपर्यंत घासा. ब्रशमध्ये तेल उरलं तर दुसऱ्या दिवशीचा रंग वाळणार नाही.

चिंध्यांची काळजी याहून महत्त्वाची आहे. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर ऑक्सिजन घेताना तो आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. गच्चीवरच्या मे महिन्यातल्या खोलीत हा धोका वाढतो. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

कॅनव्हास संपला असेल तर जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या. एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी असा एक हात दोन्ही बाजूंनी द्या. एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा वाकतो. वाळल्यावर एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग गाळलेली खडूची पूड आणि दुधाइतकं पातळ होईल एवढं पाणी. याचे तीन-चार हात, एक उभा, एक आडवा. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवलं तर केसासारख्या भेगा पडतात, पूड जास्त झाली तरी पडतात. शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे, निवृत्त कलाशिक्षक. रोज सकाळी सुरसागर तलाव, मांडवी दरवाजा, न्याय मंदिराची इमारत इथे बसून रेखाटनं करायचे. आता घराबाहेर पाऊल नाही. ‘समोर काही नाही तर काढू काय’ म्हणतात आणि वही बाजूला ठेवतात. बाबांना काय सुचवावं?
– एक सून, रावपुरा

उत्तर : बाबांना मांडवीच न बघता काढायला सांगा. इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाला वाटतं की सगळं पाठ आहे. प्रत्येक बाजूला तीन कमानी आठवतील, पण मधली आणि बाजूची यांचं प्रमाण? कमानीचं टोक कुठे येतं, सावली सकाळी कुठल्या रस्त्याकडे पडते? आधी आठवणीने २० मिनिटांत काढावं, मग जुन्या वहीतलं रेखाटन किंवा फोटो शेजारी ठेवून चुका लाल पेन्सिलीने दाखवाव्या, आणि दुसऱ्या दिवशी फोटो न बघता पुन्हा काढावं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हात सावरतो. कलाशिक्षकाला स्वतःची वही तपासायला आवडतं, हा आमचा अंदाज.

कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं किंवा तांबेकर वाड्याच्या चित्रांनी भरलेल्या भिंती त्यांनी पाहिल्याच असतील. त्यातली एखादी आकृती आठवून काढणं हा पुढचा टप्पा. आकृती नेमकी आठवली नाही तरी रेघ कशी वळते ते हाताला आठवतं.

बसायची जागा पक्की करा: खिडकी डावीकडे, पाठीला आधार, मांडीवर फळी तिरकी. या वयात मान वाकवून सपाट टेबलावर काम केलं की तासाभरात खांदा भरतो आणि मग ‘मन लागत नाही’ असं सांगितलं जातं. ११ नंतर उजेड पांढरा आणि सपाट होतो, म्हणून सकाळचे दोन तास घरातल्या इतर कामांनी खाऊ नका. आणि सून म्हणून तुम्हीच पंधरा मिनिटं समोर बसा. भाजी निवडत बसलात तरी चालेल, मॉडेलने हलावंच.

प्रश्न : रोज एक चित्र टाकायच्या ऑनलाइन आव्हानात मी भाग घेतला. बारा दिवस जमलं, मग बंद पडले. घरून ऑफिसचं काम आहेच. आता वही उघडायचीही इच्छा होत नाही.
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ही आव्हानं आम्हाला फारशी पसंत नाहीत. रोज पूर्ण चित्र आणि रोज लोकांपुढे. यात चुकायला जागाच उरत नाही, आणि चुकल्याशिवाय नवीन काही सुचत नाही. बडोद्याचे भूपेन खख्खर हिशेबनिसाची अर्धवेळ नोकरी करत चित्रं काढत होते. वेळ कमी असणं ही चित्रकाराची जुनीच अडचण आहे, तिच्यावर रोजचा निकाल लावण्याची गरज नाही.

आकार लहान करा, पोस्टकार्डाएवढा. एका ड्रॉइंग शीटचे असे १६ तुकडे कापून एका डब्यात ठेवा. आठवडाभर एकच वस्तू घ्या, उदाहरणार्थ प्रेशर कुकर. पहिल्या दिवशी फक्त कडेची रेघ, दुसऱ्या दिवशी फक्त सावल्या दोन छटांत, तिसऱ्या दिवशी वस्तू सोडून तिच्या भोवतालची मोकळी जागा, चौथ्या दिवशी डाव्या हाताने. वेळ २० मिनिटं, गजर लावून. गजर झाला की अर्धवट असलं तरी थांबायचं. अर्धवट सोडलेलं चित्र दुसऱ्या दिवशी हात धरून बसवतं, पूर्ण झालेलं बसवत नाही. रंग दोनच ठेवा, गेरू आणि निळा. त्यांच्या मिश्रणातून करड्याच्या किती छटा निघतात ते पाहण्यात एक आठवडा सहज जातो.

फोटो टाकायचेच तर रविवारी, आठवड्यातलं एकच.

प्रश्न : प्रदर्शन ऑनलाइन होणार आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत चित्राच्या कडा फुगतात आणि रंग पिवळे येतात.
– एक चित्रकार, बाबाजीपुरा

उत्तर : कडा फुगतात कारण तुम्ही फार जवळून काढता. दोन मीटर मागे जा आणि दुप्पट झूम करा. चित्र भिंतीवर सरळ, मोबाइल चित्राच्या मध्याइतक्या उंचीवर आणि भिंतीला समांतर. कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेघांशी चित्राच्या कडा जुळल्या पाहिजेत. ट्यूबलाइट आणि खिडकी असे दोन उजेड एकत्र आले की रंग बिघडतात. सकाळी नऊच्या सुमारास गच्चीच्या किंवा गॅलरीच्या सावलीत काढा, ऊन थेट नको, फ्लॅश नको, फिल्टर नको. चित्राशेजारी पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली की नंतर फोटोत तीच पांढरी करून बाकीचे रंग जागेवर आणता येतात. तैलचित्र चमकत असेल तर चित्राचा वरचा भाग किंचित पुढे झुकवा आणि मोबाइलही तितकाच झुकवा. १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे १३ गुणिले १० इंच चांगला छापता येतो, त्याहून मोठं मागितलं तर नकार द्या. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : या दोन महिन्यांत कागदावरचं बरंच काम झालं. घर तळमजल्यावर, विश्वामित्री नदीपासून जवळ. पावसाळ्यात हे ठेवायचं कसं?
– एक वाचक, फतेगंज

उत्तर : ३१ जुलै २०१९ चा पूर आणणारा पाऊस तुम्ही पाहिला आहे, म्हणून पहिली गोष्ट उंची. काम पलंगाखाली नको, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातही नको. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे द्या. वरचा मजला नसेल तर फाइल प्लास्टिकच्या पेटीत ठेवून पेटी सगळ्यांत उंच कपाटावर ठेवा.

बुरशी पुरापेक्षा हळू येते पण हमखास येते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केला तर आतली दमट हवा आतच राहते. चित्रं मे महिन्याच्या कोरड्या हवेत, उन्हात नव्हे तर सावलीत, दिवसभर मोकळी ठेवा आणि त्याच संध्याकाळी बांधा. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधाच्या बाटल्यांतल्या जमवलेल्या चालतील, आधी मंद तव्यावर कोरड्या करून घ्या, मात्र दाणे पुडीतून काढूनच. कसरीसाठी वाळलेला कडुनिंब कापडी पुरचुंडीत बांधा, चित्राला लागू देऊ नका. खळ लावलेले कागद आणि घरच्या मधाचे जलरंग कसरीला आणि मुंग्यांना विशेष आवडतात, म्हणून त्यांची पेटी वेगळी. चिकट वाटणारं चित्र आता बांधूच नका. ते भिंतीला लावा, भिंत ओल धरणारी असेल तर मागे कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवून बोटभर अंतर ठेवा.

पाणी शिरलंच आणि कागद एकमेकांना चिकटले तर ओढून सुटे करू नका. गठ्ठा जसाच्या तसा उचलून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि कडा आपणहून सुटायला लागल्या की एकेक कागद वर्तमानपत्राच्या आणि स्वच्छ कापडाच्या मध्ये, चित्राकडे कापड ठेवून, सपाट वाळवा. कापड दर दोन तासांनी बदला.